लेहेंग्याचे माप आणि ‘एफडी’चा दुसरा हप्ता

नाशिकच्या एका वाचक भगिनींचे पत्र थोडक्यात असे आहे: “मुलीचे लग्न फेब्रुवारीत आहे. स्वागत समारंभासाठी मुंबईच्या एका डिझायनरकडून तिच्या मापाचा खास कुत्युर लेहेंगा शिवून घ्यायचा आहे. भाव ३ लाख २० हजार अधिक जीएसटी, निम्मी रक्कम आगाऊ, तीन फिटिंग. फिटिंगला नेमके काय होते, वरखर्च किती निघतो? लग्नानंतर निम्म्या किमतीला तो विकता येतो असे त्या डिझायनर बाई म्हणाल्या. मुलगी १३ टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढायला तयार आहे, कारण ह्यांची ५ लाखांची एफडी मोडू नका, असे बँकेतले साहेब सांगतात. ती वर्षाला ५ लाखांप्रमाणे सात वर्षे भरायची आहे. बारा वर्षांनी ५६ लाख मिळतील, ८ टक्क्यांची हमी आहे आणि शिवाय मुलीचा विमाही आहे. पहिला हप्ता गेल्या नोव्हेंबरात भरला, पावतीवर प्रीमियम असे लिहिले आहे. कर्ज काढावे की एफडी मोडावी?” यजमान ६० व्या वर्षी खासगी कंपनीतून निवृत्त झाले असून भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी मिळून ४२ लाख आले होते. घर स्वतःचे आहे, घरखर्च, यजमानांची पेन्शन आणि स्वतःच्या शिकवण्यांची मिळकत यांचे आकडे दिले आहेत आणि लग्नाचा इतर खर्च १२ लाख धरला आहे, असेही त्यांनी कळवले आहे.

लेहेंग्याकडे मी येणारच आहे, परंतु त्याआधी सांगणे भाग आहे की तुमच्याकडे मोडण्यासारखी एफडीच नाही. मुदत ठेवीला दरवर्षी हप्ता नसतो, तिच्या पावतीवर प्रीमियम हा शब्द नसतो आणि ती ठेवताना मुलीच्या प्रकृतीची चौकशी करून तिची सही कोणी घेत नाही. तुम्ही बँकेच्या शाखेत बसून एका विमा कंपनीची पारंपरिक बचत पॉलिसी विकत घेतली आहे आणि त्या व्यवहारात बँकेची भूमिका कमिशन घेणाऱ्या एजंटाची होती. ती मोडू नका असा सल्ला देणाऱ्या साहेबांचे हित तुमच्या दुसऱ्या हप्त्यात आहे, हे लक्षात ठेवून त्यांचे बोलणे ऐकावे.

आता ‘८ टक्के हमी’ पाहू. सात वर्षांत तुमचे ३५ लाख जातील. पहिला हप्ता बारा वर्षे अडकेल, सातवा सहा वर्षे. म्हणजे तुमचा रुपया सरासरी नऊ वर्षे त्यांच्याकडे राहील. नऊ वर्षांत ३५ चे ५६ होणे म्हणजे १.६ पट, आणि त्याचा वार्षिक दर साडेपाच टक्क्यांच्याही आत येतो. खरोखर ८ टक्के मिळणार असते, तर नऊ वर्षांत रक्कम दुप्पट होऊन ७० लाख हाती आले असते. हा १४ लाखांचा फरक तोंडी दिलेल्या हमीत दिसत नाही, पॉलिसीच्या कागदावर मात्र दिसतो. विम्याचे म्हणाल, तर तुमच्या मुलीच्या पगारावर आज कोणीही अवलंबून नाही. ज्यांच्या मिळकतीवर घर चालत होते ते निवृत्त झाले आहेत. मुलीचे नाव घातले गेले ते बहुधा साठीच्या माणसाचा विमा महाग पडतो म्हणून. ५ लाख हा आकडाही तुमच्या गरजेतून निघालेला नाही. १ एप्रिल २०२३ नंतरच्या अशा पॉलिसींचा एकूण प्रीमियम वर्षाला ५ लाखांपर्यंत असेल, तरच मुदतपूर्तीची रक्कम करमुक्त राहते. त्या मर्यादेला नेमका भिडवून तो बसवलेला दिसतो. विकणाऱ्याने कायदा वाचला होता, तुमचे पासबुक मात्र वाचले नव्हते.

कारण पासबुक काय सांगते ते पाहा. ४२ लाखांतून पहिला हप्ता ५, लग्नाचे १२ आणि लेहेंग्याचे कर-प्रवासासह ४ वजा केले की २१ लाख उरतात. पॉलिसीचे राहिलेले सहा हप्ते ३० लाखांचे आहेत. म्हणजे घरात एक रुपयाही खर्च न करता, तांदूळ आणि वीजबिल कोणा दुसऱ्याने भरले तरीही, ही पॉलिसी तुम्हाला पूर्ण करता येणार नाही. प्रत्यक्षात तुमचा घरखर्च महिना ४० हजार, म्हणजे वर्षाला ४ लाख ८० हजार आहे. त्यात कर्मचारी पेन्शनचे वर्षाला ४५-५० हजार आणि तुमच्या शिकवण्यांचे १ लाख ८० हजार आले, तरी अडीच लाखांची तूट राहते. २१ लाख ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्याच्या ८.२ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाला सुमारे १ लाख ७२ हजार व्याज येईल आणि पाऊण लाख तरीही कमी पडतील. मुलगी सासरी गेल्यावर अडीनडीला तिच्या पगाराचा आधारही राहणार नाही. या स्थितीत नोव्हेंबरचा हप्ता भरणे म्हणजे गेलेले ५ लाख वाचवण्यासाठी आणखी ५ लाख त्याच जागी अडकवणे होय, आणि तिसऱ्या किंवा चौथ्या वर्षी पैसे संपून थांबावे लागेल ते वेगळेच.

म्हणून पहिले काम हे की, बचत खात्यावरील हप्त्याचे ऑटो डेबिट लेखी अर्जाने बंद करून त्याची पोच घ्यावी. वार्षिक हप्त्याला देय तारखेनंतर ३० दिवसांची सवलत मुदत असते, त्यामुळे विचार करायला थोडा अवधी आहे. घाईचा फोन आला तरी घाबरू नये. दुसरे काम म्हणजे बँक आणि विमा कंपनी या दोघांकडेही एफडी सांगून पॉलिसी विकल्याची लेखी तक्रार नोंदवून पूर्ण प्रीमियम परत मागावा. पॉलिसीच्या कागदांत परताव्याचा सही केलेला तक्ता असतो, तो काढून पाहावा. त्यावरची सही मुलीची नसेल, किंवा अर्जात वार्षिक उत्पन्न फुगवून लिहिले असेल, तर तो तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम पुरावा ठरेल. साहेबांनी व्हॉट्सॲपवर ‘एफडी’ हा शब्द कुठे लिहिला असेल, तर तो संदेश जपून ठेवावा. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा नकार आला, तर पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयात एका वर्षाच्या आत दाद मागता येते. तिथे शुल्क नाही आणि वकीलही लागत नाही.

तक्रार फेटाळली गेली, तर सरेंडरचा, म्हणजे पॉलिसी मध्येच सोडल्यास मिळणाऱ्या रकमेचा, आकडा बँकेकडून नव्हे, थेट विमा कंपनीकडून लेखी घ्यावा. १ ऑक्टोबर २०२४ पासूनच्या नियमांनुसार पहिल्या वर्षाचा पूर्ण प्रीमियम भरलेला असल्यास वर्ष संपल्यावर विशेष सरेंडर मूल्य मिळते. पूर्वी एका हप्त्यानंतर थांबणाऱ्याच्या हाती बहुधा काहीच पडत नसे. मिळणारी रक्कम ५ लाखांपेक्षा कमी असेल आणि ती पाहून तुम्हाला वाईट वाटेल, तरीही माझा सल्ला बाहेर पडण्याचाच राहील. जाता जाता आणखी एक विचारतो: कंपनीचा गट आरोग्यविमा निवृत्तीबरोबर संपला असणार, तुम्हा दोघांचा स्वतःचा आरोग्यविमा आहे का? पत्रात त्याचा उल्लेख नाही आणि तो नसेल, तर लेहेंग्याआधी तो घ्यावा.

आता लेहेंगा. पॉलिसीचे कागद हाती पडल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते, ती मुदत तुम्ही नकळत घालवलीत; चांगल्या शिवणकामात अशी परत फिरण्याची जागा म्हणजे मांजरपाटाची कच्ची ट्रायल, आणि ती मात्र घालवू नका. खऱ्या मापाच्या कामाचा क्रम साधारण असा असतो. पहिल्या भेटीत माप घेतले जाते. त्यानंतर साध्या मांजरपाटाची कच्ची चोळी आणि लेहेंग्याचा कमरेपासूनचा साचा शिवून अंगावर चढवतात, टाचण्या लावतात, खडूने खुणा करतात आणि त्यावरून कागदी साचा पक्का करतात. मगच खऱ्या कापडावर नक्षीचा खाका छापून ते अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या चौकटीवर, ताणले जाते आणि जरदोजी किंवा आरीचे काम सुरू होते. भरतकाम सपाट कापडावर, शिवण्यापूर्वी होते, हे ध्यानात घेतले की कच्च्या ट्रायलचे महत्त्व कळते: बुट्टी कुठे बसणार हे एकदा ठरले की नंतर माप बदलायला फक्त शिलाईतले मार्जिन उरते, म्हणजे बाजूला इंच-दीड इंच. त्यापलीकडे काखेत जोड लावावा लागतो, आणि तो फोटोत दिसतो. तुमच्या तीन फिटिंगमध्ये मांजरपाटाची ट्रायल धरलेली आहे का, हा पहिला प्रश्न विचारा. ती नसेल, तर तयार मापाचा साचा घेऊन नंतर बाजूने दाबून द्यायचा बेत आहे, आणि त्याला ३ लाख २० हजार मोजण्याचे कारण नाही. फ्रान्समध्ये ‘ओत कुत्युर’ हे नाव कायद्याने राखीव असून ते लावण्यासाठी खासगी ग्राहकाच्या मापाने, फिटिंग करूनच काम करावे लागते; आपल्याकडे ‘कुत्युर’ची पाटी कोणीही लावू शकतो.

दुसऱ्या फिटिंगला भरतकाम झालेले कापड कच्च्या धाग्याने जोडून अंगावर देतात. त्या दिवशी मुलीने समारंभाला घालायच्या त्याच टाचेच्या चपला आणि तीच अंतर्वस्त्रे नेली पाहिजेत. दोन इंचांच्या टाचेवर घेतलेली उंची सपाट चपलेवर जमीन झाडते. आरशासमोर नुसते उभे राहून भागत नाही. खुर्चीवर बसावे, दोन्ही हात हार घालायला उचलतात तसे वर न्यावेत, जिना चढून पाहावा. गच्च भरलेला लेहेंगा आठ-दहा किलोंचा होऊ शकतो आणि ते सगळे वजन कमरेवर येते; नाडीबरोबर आतून रुंद पट्टा आणि हुक दिलेले आहेत का, हे तेव्हाच तपासावे. शेवटचे फिटिंग लग्नाआधी दोन-तीन आठवडे ठेवावे, त्याआधी ठेवल्यास केळवणांचा हिशेब मापात येत नाही. मुलगी वजन कमी करणार आहे, या आशेवर माप घेऊ देऊ नका. चांगला मास्टर आजच्या शरीराचे माप घेतो आणि मार्जिन ठेवतो.

पैशांचे म्हणाल, तर २,५०० रुपयांवरील कपड्यांना २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्के जीएसटी आहे. म्हणजे ३ लाख २० हजारांवर आणखी ५७ हजार ६०० आणि बेरीज सुमारे ३ लाख ७८ हजार झाली. आतला कॅन-कॅन (घेर फुगवणारे कडक जाळीचे अस्तर), दुसरी ओढणी, चोळीचे पॅड हे भावात आहेत की वेगळे, जादा फिटिंगला किती आकारतात आणि शेवटच्या फिटिंगनंतर निघालेली दुरुस्ती कोण करून देणार, हे सारे बिलावर लिहून घ्यावे. नाशिक-मुंबई फेऱ्या धरून मी वर ४ लाख लिहिले ते यामुळेच. निम्मी रक्कम एकदम आगाऊ देण्याऐवजी चौथा हिस्सा मापाच्या दिवशी, चौथा मांजरपाटाची ट्रायल मान्य झाल्यावर आणि उरलेली रक्कम शेवटच्या फिटिंगनंतर, असे मागून पाहावे. अड्ड्यावर काम चढल्यानंतर आगाऊ रक्कम परत मिळण्याची अपेक्षा ठेवू नये. निम्म्या किमतीला विकला जाण्याची गोष्ट तर हिशेबातून पूर्णच काढून टाका: जो कपडा एकाच अंगासाठी कापला गेला आहे, त्याचा दुसरा गिऱ्हाईक शोधण्याची जबाबदारी त्या बाईंनी लेखी घेतलेली नाही. विक्रीची किंमत शून्य धरूनच परवडतो का ते पाहावे.

तर परवडतो का? ४ लाखांचे कर्ज १३ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी काढल्यास महिन्याला साडेतेरा हजारांचा हप्ता आणि एकूण ८५ हजार व्याज होईल; संसाराच्या पहिल्या तीन वर्षांत मुलीने एका संध्याकाळच्या कपड्याचा हप्ता भरावा, हे मला मान्य नाही. तुमच्या शिलकीतून दिले, तर ८.२ टक्क्यांच्या हिशेबाने वर्षाला ३३ हजारांचे व्याज कायमचे बुडते, आणि तुमची तूट पाऊण लाखाची आहे. माझ्या मते करासह २ लाखांची मर्यादा घालावी आणि तीही १२ लाखांच्या अंदाजातच बसवावी. किंमत मुख्यतः कारागिराच्या तासांची असते. घेरभर काम करण्याऐवजी चोळी, कमरपट्टा आणि काठ एवढ्यापुरते भरतकाम घेतले, तर फिटिंग तेवढेच चांगले होते, वजन निम्म्यावर येते आणि बिलही खाली येते. फिटिंगचे खरे कौशल्य चोळीतच लागते, लेहेंग्याला कंबर आणि उंची एवढेच जमावे लागते. मुलीचा लेहेंग्याचा हट्ट नसेल, तर येवला तुमच्याच जिल्ह्यात आहे. पैठणी पुढच्या वीस वर्षांत कोणत्याही मापाला नेसता येते आणि मापाचा खर्च फक्त ब्लाउजपुरता राहतो. पण हा निर्णय तिचा आहे.

फेब्रुवारीचे लग्न आणि भरतकामाला लागणारा वेळ पाहता माप देण्यास आता फार उशीर करता येणार नाही, हे मला मान्य आहे. तरी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी शाखेत जाऊन ऑटो डेबिट बंद केल्याची पोच घ्यावी. ज्या बचत खात्यातून तुम्ही डिझायनरला पैसे देणार आहात, त्याच खात्यातून नोव्हेंबरात ५ लाख परस्पर वळते झाले, तर ते परत मागताना ‘दुसरा हप्ता तुम्ही स्वखुशीने भरला’ हेच उत्तर तुम्हाला पहिले ऐकावे लागेल.