चार गॅसचा मीटर लावून वायनरीच्या टाकीत उतरणं सेफ आहे का?

प्रश्न असा विचारलाय: "धाकटा भाऊ दिंडोरी साइडच्या एका वायनरीत कंत्राटदाराकडे टाक्या धुवायच्या कामाला लागलाय. कंपनीने चार गॅसचा मीटर दिलाय, तो छातीला लावून आत उतरतो. तेवढं पुरे आहे का, की आम्ही घरच्यांनी अजून काही विकत घेऊन द्यावं?"

ताई, आधी एक काम करा, भावाला आज रात्री फोन करून एवढंच विचारा की मीटरच्या स्क्रीनवर कोणती चार नावं दिसतात. बहुतेक तो सांगेल ओटू, एलईएल, सीओ, एचटूएस. म्हणजे ऑक्सिजन, पेट घेणारा गॅस, कार्बन मोनॉक्साइड आणि तो सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड. सीओ बघून पुष्कळ जणांना वाटतं की झालं, कार्बन डायऑक्साइड पण त्यातच आला. नाही आला. तो वेगळा, त्याला सेन्सर वेगळा लागतो, इन्फ्रारेडवाला आणि महागातला, आणि साध्या चार गॅसच्या मीटरमध्ये तो नसतोच. आणि वायनरीत माणूस मारणारा गॅस नेमका तोच आहे.

मी काही मोठा सेफ्टी एक्सपर्ट नाही. नाशिकच्या अंबड एमआयडीसीत मेंटेनन्समध्ये होतो, मग ईटीपीवर, म्हणजे कंपनीचं सांडपाणी साफ करायच्या प्लांटवर, आता एका कंत्राटदाराकडे परमिट (आत उतरायची लेखी परवानगी) आणि सेफ्टीचं बघतो. दोन सीझन वायनरीची कामंही केलीत, म्हणून लिहितोय, जरा लांबेल, सांभाळून घ्या.

हिशोब बघा. द्राक्षाच्या रसात लिटरला साधारण २०० ग्रॅम साखर असते, ती आंबून वाइन होताना लिटरमागे ५० लिटरच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे १०,००० लिटरच्या एका टाकीतून ५ लाख लिटर गॅस. हा हवेपेक्षा दीडपट जड, त्याला रंग नाही, आणि वायनरीत आधीच आंबूस वास एवढा असतो की वेगळं काही कळायचा प्रश्नच नाही. तो तळाला बसून राहतो, टाकीच्या बुडाला, फरशीवरच्या नालीत, तळघरात.

आता मीटर काय करतो ते बघा. चांगल्या हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि मीटर ओरडतो १९.५ ला. समजा टाकीत ४ टक्के कार्बन डायऑक्साइड भरला, तर त्याने बाकीच्या हवेला तेवढंच बाजूला सारलं, ऑक्सिजन उतरला २०.१ च्या आसपास. मीटर गप्प, हिरवा दिवा, भाऊ खूश. पण ४ टक्के म्हणजे ४०,००० पीपीएम (दहा लाख भागांत ४०,००० भाग), आणि अमेरिकेची कामगारांच्या सुरक्षेवर काम करणारी नायोश संस्था या आकड्याला जिवाला तात्काळ धोका मानते. आठ तास काम करायची मर्यादा ५,००० पीपीएम आहे, तिच्या आठपट झालं हे. ऑक्सिजनचा अलार्म वाजायला कार्बन डायऑक्साइड पावणेसात टक्क्यांच्या जवळ जावा लागतो, आणि १० टक्क्यांना माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. लोक म्हणतात ऑक्सिजन कमी पडला म्हणून गेला, तसं नसतं प्रत्येक वेळी. हा गॅस स्वतःच रक्त आंबट करतो, धाप लागते, डोकं ठणकतं, हातापायातलं बळ जातं, आणि हे सगळं ऑक्सिजन अजून भरपूर असताना.

अजून एक गंमत सांगतो, गंमत म्हणजे कसली, डोक्याला ताप. पोरं मीटर चालू आहे का बघायला त्यावर फुंकर मारतात, तो वाजतो, म्हणतात बघा साहेब चालतोय. तो का वाजतो, तर आपण सोडलेल्या श्वासात ऑक्सिजन १६ टक्क्यांच्या आसपास असतो, आपण वापरून टाकलेला असतो ना. आणि त्याच श्वासात कार्बन डायऑक्साइड ४ टक्के असतो, तो मीटरला दिसतच नाही. टाकीत रस आंबताना ऑक्सिजन कोणी ओढून घेत नाहीये, वरून गॅसची भर पडतेय फक्त, त्यामुळे फुंकरीला वाजलेला मीटर टाकीत तेवढ्याच कार्बन डायऑक्साइडला गप्प बसतो. ही फुंकर कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवर मारा, वाजलाच पाहिजे, तिथे ती जरा कामाची. तरी खरी बंप टेस्ट नव्हे ती, त्यात ठरलेला गॅस सोडून मीटर वाजतो का ते बघतात.

आमचे आजोबा निफाडकडचे. उन्हाळ्यात विहिरीचा गाळ काढायला उतरायच्या आधी दोरीला कंदील बांधून खाली सोडायचे, विझला तर लिंबाचा डहाळा दोरीने वरखाली करून हवा हलवायचे, मग परत कंदील. कंदील विझेपर्यंत हवा आधीच बरीच बिघडलेली असते ही गोष्ट वेगळी, पण निदान बघायची पद्धत तरी होती. नंतर विहिरीत कठड्यावर डिझेल इंजिन बसायला लागली. धुराचा कार्बन मोनॉक्साइड खाली साठलेला असायचा आणि कंदील मस्त जळत राहायचा, कारण तेवढ्याशा मोनॉक्साइडने ज्योतीला काही होत नाही, माणसाला होतं. कंदिलाची चूक नाही, तो फक्त ज्योत जळेल का एवढंच सांगत होता. भावाचा मीटर तसाच आहे, इमानदार आहे, पण त्याला विचारलेल्या चारच प्रश्नांची उत्तरं देतोय.

रेड वाइनच्या टाकीत अजून एक भानगड असते. वाइन काढून घेतल्यावर तळाला साली-बियांचा चोथा राहतो, पुरुषभर उंचीचा पण असतो कधी कधी, आणि तो फावड्याने बाहेर ओढायला आत पाठवतात. चोथा आतून अजून आंबत असतो. सकाळी ब्लोअर लावला, हवा तपासली, सगळं ओके, परमिटवर सही झाली, आणि मग फावडं मारलं की आत अडकलेला गॅस मोकळा होतो. म्हणजे आठ वाजताचं रीडिंग साडेआठला रद्दी. मीटर अंगावर, तोंडाजवळ, काम संपेपर्यंत चालू पाहिजे आणि ब्लोअर एक मिनिट बंद होता कामा नये.

हे मला वायनरीत नाही, ईटीपीच्या खड्ड्यात कळलं. अंबडच्या एका कंपनीत, नाव नको. गाळाचा पंप जाम झाला म्हणून आमचा हेल्पर खाली उतरला, पायाने गाळ ढवळला गेला आणि एचटूएस सुटला. वास येतो म्हणून लोक त्याला भीत नाहीत, पण १०० पीपीएमच्या आसपास नाकच बधिर होतं, वास गेला की वाटतं गॅस गेला. तो शिडीच्या दुसऱ्या पायरीवर बसल्यासारखा झाला आणि पडला. कंपनीकडे मीटर होता बरं का, नवाकोरा, ऑफिसच्या कपाटात, चावी स्टोअरकीपरकडे आणि स्टोअरकीपर जेवायला. मी उतरायला निघालो, एक पाय शिडीवर पण टाकला होता, तर फोरमनने मागून कॉलर धरून अक्षरशः उताणा पाडला मला, चार शिव्या घातल्या आणि ब्लोअरची नळी खड्ड्यात सोडली. नशिबाने हेल्परच्या कमरेला दोरी होती, ती पण त्याने स्वतःच्या अकलेने बांधलेली. तिघांनी ओढून काढला. वाचला, आजही भेटला की पाथर्डी फाट्यावर मिसळ तोच खिलवतो. नायोशने १९८६ साली छापलं होतं की अशा बंद जागांत मेलेल्यांपैकी ६० टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले होते. मी त्यातला एक झालो असतो.

म्हणून भावाला सांगायचं ते या क्रमाने सांगा.

पहिलं म्हणजे आत जायचंच कशाला. पुष्कळ टाक्या बाहेरून धुता येतात, वरून स्प्रे बॉल (चहूबाजूंनी फवारा मारणारा गोळा) सोडून कॉस्टिक सोड्याचं पाणी फिरवतात, चोथा खालच्या दारातून लांब दांड्याच्या ओढणीने ओढता येतो. वेळ जास्त जातो म्हणून माणूस आत घालतात, दुसरं कारण नाही. अर्ध्या टाक्यांत तरी आत जायची गरज नसते हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय.

जायचंच असेल तर टाकीला येणाऱ्या सगळ्या नळ्या, नायट्रोजनची लाइन धरून, नुसता व्हॉल्व्ह बंद नाही तर खोलून वेगळ्या, खालचं दार आणि वरचं झाकण दोन्ही उघडं, ब्लोअरची नळी पार बुडापर्यंत. हवा तपासायची ती बाहेरूनच, नळीचा पंप लावून, वर मध्ये खाली तिन्हीकडे, आणि नळी लांब असेल तर थांबायचं जरा, गॅस मीटरपर्यंत यायला वेळ लागतो. डोकं आत घालून मीटर बघणारे महाभाग आहेत, त्यांना काय बोलणार. आणि हवा ताजी करायला म्हणून कोणी वेल्डिंगच्या सिलेंडरमधला ऑक्सिजन आत सोडायला लागला तर सरळ पळा तिथून, ऑक्सिजन वाढला की अंगावरचे कपडे ठिणगीने भडकन पेटतात.

मास्कचं तर बोलायलाच नको. एन-९५ धुळीसाठी आहे. डबीवाला कार्ट्रिज मास्क ठराविक गॅस गाळतो, पण ऑक्सिजन तयार करत नाही, आणि कार्बन डायऑक्साइडला त्याचा काही उपयोग नाही. तिथे चालतो तो पाठीवर हवेचा सिलेंडर असलेला सेट नाहीतर बाहेरून नळीने हवा देणारा, आणि दोन्हीला ट्रेनिंग लागतं. बाजारातून मास्क आणून भावाला दिलात तर उलट तो जास्त बिनधास्त उतरेल, म्हणून प्लीज देऊ नका.

हार्नेस फुल बॉडीचाच, आयएस ३५२१ चा शिक्का बघून. कमरेचा पट्टा नको, बेशुद्ध माणूस कमरेत दुमडतो आणि मॅनहोलमधून निघत नाही. पण वरून उतरत असेल तरच तिपाई आणि विंच (दोर गुंडाळून माणूस वर ओढणारं यंत्र) कामाची, वायनरीत बऱ्याचदा खालच्या छोट्या दारातून सरपटत जातात, तिथे विंच काय करणार, दोरी बाहेर आणि ती धरणारा माणूस बाहेर हाच उपाय. तो माणूस फक्त तेवढंच करणार, चहा आणायला जाणार नाही, मोबाइल बघणार नाही, आणि काही झालं तरी स्वतः आत जाणार नाही.

हल्ली कनेक्टेड मीटर निघालेत, माणूस काही सेकंद हलला नाही की मॅन-डाउन अलार्म, लोकेशन, सगळं मोबाइलवर. चांगली वस्तू आहे, मी विरोधात नाही. पण स्टीलच्या टाकीत सिग्नल मरतो, टाकीच्या तोंडाशी सिग्नल पुढे पाठवणारा रिले ठेवला नाही तर आतला मीटर एकटाच बोंबलत बसतो. आणि एका ठिकाणी तर अलार्म जायचा पुण्याच्या हेड ऑफिसच्या स्क्रीनवर, टाकी इकडे नाशिकला. ऑक्सिजन तुटला की मेंदूचं नुकसान चार-पाच मिनिटांत सुरू होतं, पुण्याहून कोण येणार, शिवनेरी बस पकडून?

आता विकत घेण्याचं. मीटर तुम्ही घेऊ नका, तो खर्च तुमचा नाहीच. शिवाय मीटरला दररोज बंप टेस्टचा गॅस, ठरलेल्या मुदतीत कॅलिब्रेशन (रीडिंग बरोबर येतंय का तपासून जुळवणं), दोनेक वर्षांनी ऑक्सिजनचा सेन्सर, हे सगळं मागे लागतं, घरी कोण करणार. कॉस्टिकसाठी चांगला गॉगल, कोपरापर्यंत रबरी हातमोजे आणि गमबूट हवे तर द्या, तेही खरं तर मालकानेच द्यायचे. फॅक्टरी ॲक्ट १९४८ च्या कलम ३६ मध्येच लिहिलं होतं की टाकीत माणूस घालायच्या आधी जाणकार माणसाने तपासून लेखी सर्टिफिकेट द्यायचं, नाहीतर श्वासाचं उपकरण, अंगाला पट्टा आणि दोरीचं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. ३६-ए मध्ये आत न्यायचा दिवा २४ व्होल्टच्या वर नको हे पण होतं. आता नवीन लेबर कोड आलेत पण कंत्राटी पोरगा म्हणून त्याचा जीव स्वस्त होत नाही. ऐकलं नाहीच तर औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाचं ऑफिस नाशिकमध्येच आहे, तिथे तक्रार करता येते.

नोकरी जाईल ही भीती मला कळते, मीपण कंत्राटीच होतो. त्याला भांडायला सांगू नका. सुपरवायझरला एवढंच विचारायला सांगा, "साहेब, यात कार्बन डायऑक्साइडचा सेन्सर आहे का, आणि बाहेर कोण थांबणारे?" माझा अनुभव असा की निम्म्या सुपरवायझरांना हे खरंच माहीत नसतं, कळलं की तेच घाबरून आधी मीटर मागवतात. उरलेल्या निम्म्यांचं उत्तर काय येतं ते मला इथे कमेंटमध्ये कळवा, आणि जमलं तर मीटरच्या मागच्या स्टिकरचा फोटो टाका, कॅलिब्रेशनची तारीख त्यावरच असते.