एकाच नावाचे पूर्वज वंशावळीत वेगळे कसे ओळखायचे?

तुमचा प्रश्न असा आहे: घराण्यात ‘गोविंद विठ्ठल’ हे नाव दर दोन पिढ्यांनी येतं. जुने फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलांच्या नोंदी), कोतवाल बुक (गावातल्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही) आणि नाशिकच्या उपाध्यांची, म्हणजे तीर्थक्षेत्री येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या पुरोहितांची, वही अशा तिन्ही ठिकाणी ते सापडलं आहे. यातली कुठली नोंद कोणत्या गोविंदाची, हे कसं ठरवायचं?

थोडक्यात सांगायचं तर नावावरून नोंद जोडायचीच नाही, नात्यावरून जोडायची. तीही एका नात्यावर नाही. दोन वेगळ्या ठिकाणांहून आलेली दोन नाती जुळली, तरच.

आधी घोळ कुठे होतो ते पाहू. आजोबांचं नाव नातवाला ठेवायची रीत असल्यामुळे विठ्ठलचा गोविंद, गोविंदचा विठ्ठल आणि त्याचा पुन्हा गोविंद अशी साखळी होते. म्हणजे नुसतं नावच नव्हे, बापाच्या नावासकट अख्खं ‘गोविंद विठ्ठल’ दोन पिढ्यांनी पुन्हा उगवतं. दोन गोविंद एकच समजले गेले की वंशावळीतून दोन पिढ्या गळतात, आणि ते लक्षातही येत नाही, कारण नावांचा क्रम बिनचूक दिसत राहतो. म्हणून पहिली तपासणी वर्षांची करा. बाप-लेकाच्या जन्मात साधारण २५ ते ३० वर्षांचं अंतर धरा. तुमच्या वंशावळीत आजोबापासून नातवापर्यंतच्या जन्मांत ११० वर्षं जात असतील, तर मधल्या दोन पिढ्या गिळल्या गेल्या आहेत असं समजून शोध सुरू करा.

याशिवाय दोन प्रकार आहेत. आजोबा वारल्यावर तिघा भावांनी आपापल्या मुलाला आजोबांचं नाव ठेवलं, की विठ्ठल गोविंद, विठ्ठल केशव आणि विठ्ठल महादेव असे तीन चुलतभाऊ एकाच गावात, एकाच वयाचे होतात. इथे बापाचं नाव कामाला येतं, पण नोंदीत नुसतं ‘विठ्ठल पाटील’ असेल तर नाही. दुसरा प्रकार म्हणजे लहानपणी गेलेल्या मुलाचं नाव पुढच्या मुलाला देणं. तेव्हा जन्माची नोंद एकाची आणि पुढचं सगळं आयुष्य दुसऱ्याचं, असं होतं.

बापाचं नाव तरी नेहमी सरळ लिहिलेलं असतं का? पेशव्यांचं घराणं बघा. थोरले बाजीराव कागदोपत्री ‘बाजीराव बल्लाळ’ आणि दुसरे ‘बाजीराव रघुनाथ’, त्यामुळे ते वेगळे कळतात. पण बल्लाळ म्हणजेच बाळाजी, हे माहीत हवं. चिमाजी अप्पाही दोन आहेत, एक थोरल्या बाजीरावांचे भाऊ आणि एक दुसऱ्या बाजीरावांचे. ‘नाना’ म्हटलं तर बाळाजी बाजीराव पेशवेही नाना आणि बाळाजी जनार्दन फडणीसही नाना. १८५७ चे नानासाहेब तर जन्माने नारायण भटांचे पुत्र, दत्तक गेल्यावर दुसऱ्या बाजीरावांचे. दत्तक झालं की माणूस एकच राहतो, पण बापाचं नाव बदलतं आणि कधी स्वतःचंही. तुमच्या घराण्यात एखादा मुलगा एका शाखेतून अचानक नाहीसा झाला आणि त्याच सुमाराला निपुत्रिक चुलत्याच्या शाखेत मुलगा दिसू लागला, तर मृत्यूची नोंद शोधण्याआधी दत्तकपत्र शोधा.

आता पद्धत. एका नोंदीला एक कागद घ्या. त्यावर नाव जसं लिहिलंय तसंच उतरवा, सुधारू नका. नोंदीची तारीख, घटनेची तारीख, गाव, जमिनीचा नंबर, सोबत आलेली सगळी नावं आणि त्यांचं नातं लिहा. सुरुवातीला प्रत्येक कागदावरचा गोविंद विठ्ठल हा वेगळा माणूस आहे असंच धरा आणि गोविंद-१, गोविंद-२ असे तात्पुरते आकडे द्या. मग पुरावा मिळेल तसे दोन कागद एकत्र टाचा. लोक उलटं करतात: सगळं एका माणसाच्या नावावर आधी टाकतात आणि मग विसंगती दिसली की तिला ‘लिहिणाऱ्याची चूक’ म्हणतात. एकत्र झालेलं पुन्हा वेगळं करणं फार जड जातं.

जोडण्यासाठी सगळ्यांत भरवशाच्या खुणा बायकांकडून येतात. दोन्ही गोविंदांचा बाप ‘विठ्ठल’ असला तरी आई वेगळी, आईचे वडील वेगळे, बायको वेगळी. जुन्या कागदांत ‘बिन’ म्हणजे अमक्याचा मुलगा आणि ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘सगुणा कोम विठ्ठल’ अशी एक ओळ दहा ‘गोविंद बिन विठ्ठल’ ओळींपेक्षा जास्त सांगते. मात्र लग्नात नाव बदललेलं असतं, तेव्हा माहेरच्या कागदांत ती वेगळ्या नावाने सापडेल. पहिली बायको गेल्यावर दुसरी केलेली असेल, तर सख्ख्या भावांच्या आया वेगळ्या निघतात. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाच्या साथीनंतर हे मुद्दाम तपासून पाहावं.

श्राद्धाची माहितीही याच कामाची आहे. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजी आणि आईकडचे तीन पुरुष यांचा उच्चार होतो. घरातल्या जुन्या टिपणवहीत ही नावं आणि तिथ्या असतात. मृत्यूची तिथी वेगळी म्हणजे माणूस वेगळा, इतकं ते स्वच्छ असतं. एखाद्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला होत असेल, तर ती नवऱ्याच्या आधी गेली, हेही कळतं.

नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वरला जाल तेव्हा आडनाव, जात आणि मूळ गाव सांगून आपले उपाध्ये शोधावे लागतात. घराणं गाव सोडून आलेलं असेल तर आधीचं गाव सांगा, नाहीतर ‘नोंद नाही’ असंच उत्तर मिळेल. नोंद मिळाली की फक्त आपल्या घराण्याची ओळ घेऊन निघू नका. पूर्ण मिती (पंचांगाप्रमाणे लिहिलेली तारीख), कोण कशासाठी आला होता, सोबत कोण होतं, सही कोणाची आणि आईचे वडील कोण, हे सगळं उतरवा. वहीतली मागची-पुढची पानंही पाहा, कारण मिती अपुरी असेल तर शेजारच्या नोंदींवरून वर्ष बांधता येतं. आलेल्या माणसाने स्वतःबद्दल आणि मुलांबद्दल दिलेली माहिती पक्की धरावी. पणजोबांबद्दलची ऐकीव असते. जीर्ण वही नव्याने उतरवून काढलेली असेल, तर उतरवतानाच्या चुकाही गृहीत धराव्यात.

मितीत एक सापळा आहे आणि तो नेमका तुमच्यासारख्या घराण्यांना अडकवतो. जुन्या नोंदीत पुष्कळदा शक लिहिलेला नसतो, नुसतं संवत्सराचं नाव असतं. संवत्सरं साठ, म्हणजे तेच नाव साठ वर्षांनी परत येतं. साठ वर्षं म्हणजे जवळपास दोन पिढ्या, आणि दोन पिढ्यांनीच तुमचं नावही परत येतं! उदाहरणार्थ ‘आनंदनाम संवत्सर’: शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाचं शके १५९६ हे आनंद, तसंच १८५४, १९१४ आणि १९७४ मध्ये सुरू झालेली वर्षंही आनंदच. हिशेब सोपा आहे. शकात १२ मिळवा, ६० ने भागा, बाकी १ उरली तर पहिलं संवत्सर प्रभव, ४८ उरली तर अठ्ठेचाळिसावं आनंद. शकाचं इसवी सन काढताना ७८ मिळवा. मिती पौष ते फाल्गुनातली असून इंग्रजी वर्ष उलटलेलं असेल, तर ७९. फसली आणि सुहूर या जुन्या कागदांतल्या आणखी दोन कालगणना. फसली सनात ५९० किंवा ५९१ मिळवायचे आणि सुहूर सनात ५९९ किंवा ६००. या दोन्हींचं वर्ष मृग नक्षत्राला, जूनच्या सुरुवातीला बदलतं. मराठवाड्यात निजामाची फसली ऑक्टोबरच्या सुमारास बदलते, तिथे हा फरक ध्यानात ठेवा.

एक नमुना सोडवून दाखवतो, नावं काल्पनिक आहेत. नाशिकची नोंद: ‘आनंदनाम संवत्सर, कार्तिक, गोविंद विठ्ठल, भाऊ केशव, मुलगा विठ्ठल, आई सगुणा, आईचे वडील रामजी.’ थोरला गोविंद अंदाजे १८०६ चा, धाकटा १८६४ चा. १८५४ धरलं तर थोरला ४८ वर्षांचा, मुलगा विशीतला. १९१४ धरलं तर धाकटा ५० चा, मुलगा विशीतलाच. वयावरून काहीच ठरत नाही. मोडी लिपीवरूनही नाही, ती दोन्ही काळांत चालू होती. केशव हे नावही घराण्यात फिरतं असणार. आता कोतवाल बुकात १९१९ ला ‘सगुणा कोम विठ्ठल, वय अंदाजे ७५’ मयत सापडली. ती १८५४ मध्ये जेमतेम दहा वर्षांची, वयात दहा वर्षांची चूक धरली तरी ४८ वर्षांच्या गोविंदाची आई होऊ शकत नाही. म्हणजे नोंद १९१४ ची, धाकट्याची. पण थोरल्याची आईही सगुणाच असली तर? म्हणून दुसरा पुरावा हवाच. सगुणेच्या माहेरच्या गावात रामजीचं नाव मिळालं आणि काळ जुळला, की हे दोन कागद एकत्र टाचायला हरकत नाही.

जमिनीच्या कागदांचा फायदा असा की माणसं बदलतात, जमीन जागेवर राहते. आजच्या सातबारावर नावाजवळचे फेरफार क्रमांक घ्या, तो फेरफार काढा, त्यातून आधीचा, असं मागे जा. काही जिल्ह्यांचे जुने फेरफार ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर आहेत, बाकीच्यांसाठी तहसीलच्या अभिलेख कक्षात अर्ज करावा लागतो. एकत्रीकरण झालेल्या गावात सर्व्हे नंबर बदलून गट नंबर झालेले असतात. जुन्या-नव्या नंबरांचा मेळ भूमी अभिलेख कार्यालयातून आधी मिळवा, नाहीतर भलत्याच घराण्याचा विठ्ठल तुमच्या वंशावळीत येईल. वारसाच्या फेरफारात मयताची तारीख आणि फेरफाराची तारीख यांत वर्षानुवर्षांचं अंतर असू शकतं, तेव्हा दोन्ही वेगळ्या लिहा. ‘ए.कु.मॅ.’ (एकत्र कुटुंब मॅनेजर) असेल तिथे कर्त्याचं एकट्याचं नाव सगळ्या भावांसाठी असतं. बाकीचे भाऊ नव्हते असा त्याचा अर्थ नाही. १९५६ च्या वारसा कायद्यानंतरच्या फेरफारात मुली सासरच्या नावांनी येतात. त्याआधी त्या सहसा नसतात, म्हणून मुलीचं नाव नसणं हा पुरावा धरू नका.

शाळेच्या जनरल रजिस्टरवर जपून विसंबा. नाव, बापाचं नाव आणि जन्मतारीख तीनही जुळली तरी तारीख १ जून असेल, तर तारखेची जुळणी सोडून द्या. शाळेत घालताना ती कित्येकांना सरसकट लावलेली आहे.

इतकं करूनही एखादा गोविंद कोणत्याच बाजूला बसणार नाही. त्याला वंशावळीत तुटक रेघेने दाखवा आणि शेजारी कुठला कागद मिळाला तर प्रश्न सुटेल ते लिहून ठेवा. वंशावळ जात पडताळणीसाठी काढत असाल तर यात आणखी काळजी घ्या, कारण तिथे ती प्रतिज्ञापत्रावर द्यायची असते. अंदाजाने भरलेली एक पिढी पुढे चुलतभावाने दिलेल्या वंशावळीशी विसंगत निघाली, की दोघांचेही अर्ज अडकतात. त्यासाठी देताना फक्त टाचलेल्या कागदांमधली नावं द्या आणि चुलत शाखांनी आधी काय दिलं आहे, त्याची प्रत मागून घ्या.