सी अर्चिन (समुद्रातले काटेरी गोळ्यासारखे जीव) कोरल (प्रवाळ) खातात ना, मग ते मारून टाकलेले बरे नाहीत का?

नका मारू ओ. मी सोलापूरचा, कंबर तलावातली जलपर्णी बघत मोठा झालो, समुद्राशी संबंध नाही. पण तीन वर्षांमागं मालवणला खडकावर अनवाणी उतरलो आणि टाचेत अर्चिनचा काटा मोडला, त्या रागात याच्याबद्दल वाचायला बसलो ते वाचतच गेलो.

बहुतेक अर्चिनचं मेन खाणं कोरल नाही, शेवाळ. तोंड खालच्या बाजूला, त्यात पाच दात, त्यानं खडक खरवडत चालतो, दिवसा कपारीत दडून आणि रात्री चरायला. आता कोरलचं पिल्लू पाण्यात वाहत येतं त्याला चिकटायला असा खरवडलेला साफ खडकच लागतो, शेवाळ माजलेलं असलं की जागाच नाही, आणि कुठं चिकटलंच तर शेवाळ त्याला वरून झाकून टाकतं.

कॅरिबियनमध्ये हे घडून गेलंय. 1983 ला पनामाजवळ लांब काट्यांचे काळे अर्चिन मरायला लागले आणि वर्षभरात साथ सगळीकडं, 90 टक्क्यांच्या वर साफ. जमैकात शेवाळ खाणारे मासे लोकांनी आधीच पकडून संपवलेले, म्हणजे चरायचं सगळं काम अर्चिनवर होतं अन् तेच गेले. 1970 च्या दशकाच्या शेवटी तिथं निम्म्या तळावर कोरल होतं, 90 च्या दशकात 5 टक्के पण राहिलं नाही. 1980 च्या ॲलन वादळानं पण बरंच मोडलं होतं, सगळं अर्चिनवर ढकलत नाही मी, पण मोडलेलं परत भरून यायला जागा कुठं होती? 2022 ला कॅरिबियनमध्ये अर्चिनवर परत साथ आली, या वेळी एक एकपेशीय जीव कारण म्हणून सापडला.

आता तुमच्या प्रश्नात पण थोडं खरं आहे. केनियात अर्चिन खाणारे ट्रिगरफिश लोकांनी मारले, तर अर्चिन इतके वाढले की शेवाळासोबत कोरलचा चुन्याचा सांगाडाच पोखरायला लागले. एका माळावर मेंढरं किती सोडायची ते धनगराला बरोबर कळतं, तसलाच हिशोब हा, आणि तिथं तो हिशोब मासे ठेवत होते.

आणि हो, पाण्यात उतरताना जाड तळाचे बूट घाला. काटा मोडलाच तर टोकरत बसू नका, सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाय बुडवा अन् डॉक्टरला दाखवा. मी सुईनं टोकरला, आठवडाभर लंगडत मागावर उभा होतो.