सुईने कॅन्सर आहे की नाही ते नक्की का कळत नाही?

तुमच्या आईच्या थायरॉइडच्या गाठीची एफएनएसी (बारीक सुईने पेशी काढून तपासणी) झाली, रिपोर्टात ‘बेथेस्डा ४’ आलं आणि डॉक्टर अर्धी थायरॉइड काढायला सांगतायत. मग सुई टोचली कशाला, असा तुमचा प्रश्न. मी परळच्या एका लॅबमध्ये अठरा वर्षं स्लाइड बनवल्या, आणि घरातही हेच निस्तरलंय, म्हणून लिहितो.

सुई चुकलेली नाही. तिचं काम तिथे संपतं. बारीक सुईने गाठीतल्या सुट्या पेशी बाहेर येतात, गाठ येत नाही. पॅपिलरी कॅन्सर असला तर पेशींच्या केंद्रकावरच खुणा दिसतात, तो सुईत बहुतेक सापडतो. फॉलिक्युलर प्रकारात मात्र साध्या गाठीच्या आणि कॅन्सरच्या पेशी दिसायला सारख्याच. फरक एवढाच, की पेशींनी गाठीचं आवरण किंवा रक्तवाहिनी फोडली आहे का. खोलीतल्या चार माणसांना बाहेर बोलावून चेहरे बघितले म्हणून मागची भिंत फुटली आहे का ते कळेल का? त्यासाठी अख्खी गाठच काढून सगळीकडून तपासावी लागते.

बेथेस्डा हे अमेरिकेतलं गाव (बरेच पेशंट तो आजारच समजतात). २००७ साली तिथे झालेल्या बैठकीतून हे सहा वर्ग आले. २०२३ च्या आवृत्तीप्रमाणे कॅन्सर निघण्याचं सरासरी प्रमाण २ मध्ये ४ टक्के, ६ मध्ये ९७, आणि तुमच्या आईच्या ४ मध्ये ३० च्या आसपास. म्हणजे दहातल्या साताजणांना कॅन्सर नसतो.

चूक होते ती १ मध्ये, म्हणजे पुरेशा पेशी न आल्याने काहीच सांगता येत नाही तेव्हा, आणि ती बऱ्याचदा सुई घालणाऱ्या हाताची असते. पेशींचे कमीत कमी सहा पुंजके, प्रत्येकात दहा तरी पेशी, एवढं हवंच. माझ्या बायकोच्या वेळी एका लॅबने सोनोग्राफी न लावता सुई घातली आणि स्लाइडवर नुसतं रक्त. अल्कोहोलमध्ये टाकायच्या आधी वाळलेल्या त्या पट्ट्या बघून मी डोक्याला हात लावला. दुसऱ्यांदा खांद्याखाली उशी, “आवंढा गिळू नका” आणि पडद्यावर बघत सुई. रिपोर्ट ४. अर्धी थायरॉइड काढली, निघाली साधी अडिनोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली गाठ. व्रण आता मंगळसूत्राखाली शोधावा लागतो.

ऑपरेशनआधी शंका असेल तर स्लाइड मागून घ्या. टाटा मेमोरियलला बाहेरच्या स्लाइडही बघून देतात. सर्जनना दोन गोष्टी विचारा: कॅन्सर निघालाच तर उरलेली अर्धी काढावी लागेल का, आणि थायरॉइडची गोळी लागेल का. बायकोला लागली नाही, पण टीएसएच (थायरॉइडची रक्ततपासणी) अजूनही दरवर्षी करतो.