अमेरिकन फुटबॉलमध्ये क्वार्टरबॅक सोडून ऑफेन्सचे (चेंडू ताब्यात असलेल्या बाजूचे) बाकीचे दहा जण काय करतात?

तुम्ही लिहिलंय की सुपर बोल, म्हणजे NFL या अमेरिकेच्या व्यावसायिक लीगचा अंतिम सामना, बघताना क्वार्टरबॅक चेंडू फेकतो एवढं समजलं, पण बाकीच्या दहा जणांची नुसती गर्दी दिसली. माझा मुलगा इथे न्यू जर्सीत हायस्कूलच्या संघात गार्ड, म्हणजे मधल्या फळीत, खेळतो, त्यामुळे माझा ओढा कुठे आहे ते लगेच कळेल. तरीही मनापासून सांगतो, हा खेळ समजून घ्यायचा असेल तर आधी मधल्या पाच धिप्पाड खेळाडूंकडे बघा.

चार प्रयत्नांत चेंडू किमान 10 यार्ड पुढे न्यायचा, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. प्रत्येक प्रयत्न सुरू होताना, चेंडू ठेवलेला असतो त्या रेषेवर ऑफेन्सचे निदान सात जण असावे लागतात. त्यातले मधले पाच म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन: मध्ये सेंटर, त्याच्या दोन बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. NFL मध्ये यातले बहुतेक 300 पौंडांच्या, म्हणजे 136 किलोंच्या वरचे असतात. त्यांचे नंबर 50 ते 79 मधले, आणि पंचांना आधी सांगितल्याशिवाय त्यांना पुढे फेकलेला पास झेलता येत नाही. दुसऱ्याला वाट करून देणं, नाहीतर दुसऱ्याला वाचवणं, हेच त्यांचं काम.

सेंटर पायांमधून चेंडू मागे देतो, त्याला स्नॅप म्हणतात. पण त्याआधीच समोरची मांडणी बघून कोणी कोणाला अडवायचं हे तो ओरडून सांगत असतो. गार्ड रनच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या चालीच्या वेळी कधीकधी आपली जागा सोडून दुसऱ्या बाजूला धावतो आणि तिथे रस्ता मोकळा करतो. टॅकलचं काम मला सगळ्यात अवघड वाटतं. समोरचा सगळ्यात चपळ बचावपटू बाहेरून वळसा घालून येतो आणि याला मात्र उलटं, मागे मागे सरकत त्याला थोपवायचं असतं. हात त्याच्या छातीवर रोवायचे. खांद्याबाहेरून जर्सी धरून ओढलं की होल्डिंग, 10 यार्डांचा दंड. क्वार्टरबॅक उजव्या हाताने फेकणारा असेल तर डावी बाजू त्याच्या पाठीमागे येते, म्हणून डाव्या टॅकलला इतकं महत्त्व. हे सगळं साधारण तीन सेकंदांत होतं.

ही फळी कोसळली की काय होतं ते 7 फेब्रुवारी 2021 च्या सुपर बोलमध्ये दिसलं. सामना टॅम्पा बे आणि कॅन्सस सिटी या संघांत होता, आणि कॅन्सस सिटीचे दोन्ही नेहमीचे टॅकल दुखापतीमुळे बाहेर होते. पॅट्रिक माहोम्ससारखा क्वार्टरबॅक रात्रभर जीव घेऊन पळत होता. एकदा तर पडता पडता, जवळजवळ आडवा झालेला असताना त्याने चेंडू फेकला. तो सहकाऱ्याच्या हेल्मेटच्या जाळीवर जाऊन आपटला. टॅम्पा बे 31-9 ने जिंकले, कॅन्सस सिटीला एकही टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं) करता आला नाही.

उलट उदाहरण सॅक्वॉन बार्कलीचं. तो रनिंग बॅक, म्हणजे चेंडू पोटाशी धरून फटीतून घुसणारा. 2023 मध्ये जायंट्स संघाकडून 14 सामन्यांत 962 यार्ड, आणि पुढच्याच वर्षी ईगल्स संघाच्या लाइनमागे 16 सामन्यांत 2005 यार्ड. बार्कली गुणी आहेच, पण त्याला वाट कोण करून देत होतं तेही बघा. त्या लाइनचा डावा टॅकल जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीगचा खेळाडू. 2018 मध्ये ईगल्सनी त्याला निवडलं तेव्हा तो अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नव्हता!

आता बाकीचे. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटमध्ये स्पीकर असतो. कोच पुढची चाल सांगतो, आणि चाल सुरू करायच्या घड्याळात 15 सेकंद उरले की तो आवाज बंद होतो. पुढचं सगळं त्याने स्वतः वाचायचं. वाइड रिसीव्हर कडेला उभे असतात. ते वाटेल तसे धावत नाहीत, त्यांचे रस्ते पावलांनुसार ठरलेले असतात. पुष्कळदा रिसीव्हर वळण्याआधीच चेंडू हातातून सुटलेला असतो. टाइट एंड लाइनच्या शेजारी उभा राहतो, अडवतोही आणि पासही झेलतो. ट्रॅव्हिस केल्सी हे त्यातलं मोठं नाव. फुलबॅक रनिंग बॅकच्या पुढे घुसून वाट करतो, पण हल्ली बरेच संघ त्याला खेळवतच नाहीत. आणि पासच्या वेळी रनिंग बॅकलाही मागे थांबून, लाइनमधून निसटून आलेल्याला अंगावर घ्यावं लागतं.

पुढचा सामना बघताना स्नॅपनंतर पहिले दोन सेकंद चेंडू शोधू नका. पाच जण मागे सरकले तर बहुधा पास, पुढे घुसले तर बहुधा रन. बचाव करणारेही हेच वाचत असतात, म्हणून प्ले-ॲक्शनमध्ये लाइन आधी रनसारखी पुढे झेपावते, क्वार्टरबॅक चेंडू दिल्याचं नाटक करतो आणि मग लांब पास टाकतो. स्क्रीन पासमध्ये तर लाइनमन समोरच्यांना मुद्दाम आत येऊ देतात, आणि ते क्वार्टरबॅकवर धावून गेले की चेंडू त्यांच्या डोक्यावरून रनिंग बॅककडे जातो.