पंचाला दिसेल असा वार

प्रिय बेटा,

तुझं पत्र काल रात्री दोनदा वाचलं. तलवारबाजीच्या सामन्यात १४-१४ वर दोघींचा वार लागल्याचे दोन्ही दिवे लागले, पंचानं हात समोरच्या मुलीकडे केला आणि तू मास्क काढून तिथेच उभी राहिलीस. सलामी द्यायलाही तुला दोनदा सांगावं लागलं. हे तू लपवलं नाहीस, ते मला आवडलं. आता विचारतेस की तुझं शस्त्र सेबर सोडून एपी हे तलवारबाजीतलं दुसरं शस्त्र धरू का, कारण तिथे ज्याचा दिवा आधी लागला त्याचा गुण, कुणाशी वाद नाही. दुसरं विचारतेस की नागपुरात राहून सेबरची चॅम्पियन होता येतं का. पहिल्याचं उत्तर नीट देते. दुसरं त्यातूनच निघेल.

बाबांनी मोबाइलवर काढलेला व्हिडिओ मी हळू करून पंधरा-वीस वेळा पाहिला. बेटा, तो गुण त्या मुलीचाच होता.

पंचानं ‘आले’ (फ्रेंचमध्ये ‘सुरू करा’) म्हटल्याबरोबर तुझे पाय तिच्याआधी हलले, हे खरं आहे. पण हात कुठे होता ते बघ. कोपर बरगडीला चिकटलेलं, पातं खांद्याच्या मागे. दोन पावलं जोरात टाकलीस आणि तिसऱ्याला थबकलीस, कारण ती मागे हटेल असं तू धरून चालली होतीस आणि ती हटली नाही. त्या थबकण्यात तिनं हात लांब केला आणि पुढे आली. तुझ्या मनात तुझा हल्ला चालूच होता. पंचाला तो तिथे संपलेला दिसला, आणि तिचा सुरू झालेला.

सेबरमध्ये कमरेच्या वर डोकं, धड, मनगटापर्यंत हात कुठेही पातं टेकलं तरी दिवा लागतो. त्यामुळे दिवा लावणं हे या शस्त्रातलं सगळ्यात सोपं काम आहे. पहिला टच लागल्यावर यंत्र दुसरीला १७० मिलिसेकंद देतं. तेवढ्यात तिचाही लागला की दोन्ही दिवे. दोघी चार मीटरवरून एकमेकींवर धावून येतात, तेव्हा हे सारखंच होत राहतं. मग पंच ठरवतो की हल्ला कुणाचा होता. नियम तुला पाठ आहे: हात आधी लांब व्हायला लागला पाहिजे, लंज, म्हणजे पुढचा पाय लांब टाकून घेतलेली झेप, त्याच्या मागून, आणि पुढचा पाय जमिनीला टेकेपर्यंत टच लागलेला हवा. उशीर झाला, थांबलीस, पातं हवेत गेलं, की गुणाचा हक्क दुसरीचा. तुला हा नियम पंचाच्या हातातली काठी वाटते. मी त्याच्याकडे वेगळ्या नजरेनं बघते. समोरच्या मुलीला मारताना तुला बाजूला उभ्या असलेल्या तिसऱ्या माणसाला आपण काय करतोय ते दाखवायचंही असतं, आणि ते त्यानं एकदाच, अर्ध्या सेकंदात बघायचं असतं. तुझा वार त्याला वाचता आला पाहिजे. अक्षर गिचमिड असेल तर बरोबर उत्तराचेही मार्क जातात, तसं आहे हे.

मला हे कळायला दीड वर्ष लागलं. आमच्या वेळी नागपुरात मुलींच्या हाती फॉइल हे तिसरं शस्त्रच यायचं. ऑलिम्पिकमध्ये महिलांचं सेबर आलंच मुळी २००४ ला, अथेन्समध्ये. फॉइललाही हाच हक्काचा नियम लागतो. एका राज्य स्पर्धेत उपांत्य फेरीत मी एका गुणानं हरले आणि पुढचं वर्षभर घरी येणाऱ्या प्रत्येकाला त्या पंचाची गोष्ट सांगितली. आई ऐकून घ्यायची, बाकीचे मान डोलवायचे. मग मैत्रिणीच्या काकांनी काढलेली कॅसेट बघायला मिळाली. हात उशिरा. एकदा नाही, त्या सामन्यात पाच वेळा. ते वर्ष मी सरावात घालवलं असतं तर काय झालं असतं, हा विचार अजून येतो. तुझं वर्ष तसं जाऊ नये म्हणून इतकं स्पष्ट लिहिते आहे.

म्हणून एपीकडे जाऊ नकोस. एपी आवडते म्हणून गेलीस तर मी स्वतः सोडायला येईन. पंचापासून पळायला म्हणून जाऊ नकोस. तिथेही काहीतरी असतंच ज्याच्यावर राग काढता येतो.

करायचं काय, तर पुढचे तीन महिने दर शनिवारी तू खेळायचं नाहीस, पंच व्हायचंस. मास्क नाही, हातात पातं नाही. लहान पोरांचे सामने लाव आणि प्रत्येक टचनंतर मोठ्यानं बोल: हल्ला डावीकडून, तोकडा पडला, उजवीकडून प्रतिहल्ला, टच. पहिल्या शनिवारी तुला काही दिसणार नाही. नुसती धडपड दिसेल. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून कुणाचा हात कधी निघाला ते दिसायला लागेल. मग रोजच्या सरावात अर्ध्या वेगानं लंज मार, हात पूर्ण गेल्याशिवाय पाय उचलायचा नाही. कंटाळवाणं आहे. पोरं हसतील, हसू देत. आणि मागे जाणं शीक. तुला पुढे धावायलाच आवडतं, पण समोरचीचा हल्ला तोकडा पाडून हक्क आपल्याकडे घेता येतो, आणि तो पंचाला सगळ्यात स्वच्छ दिसतो.

चॅम्पियन म्हणतेस तर हंगेरीच्या आरोन सिलाग्यीचे सामने बघ. लंडन २०१२, रिओ २०१६, टोकियो, सलग तीन ऑलिम्पिकमध्ये वैयक्तिक सुवर्ण. पुरुषांच्या तलवारबाजीत असं आधी कुणी केलं नव्हतं. तिन्ही अंतिम सामने सात-आठ गुणांच्या फरकानं जिंकले: १५-८, १५-८ आणि १५-७. शेवटच्या गुणाला पंच काय म्हणेल, हा प्रश्नच त्यानं येऊ दिला नाही. पण हाच माणूस २०२४ ला पॅरिसमध्ये वैयक्तिक गटात पहिल्याच लढतीत बाहेर पडला, आणि काही दिवसांनी संघाबरोबर रौप्य घेऊन गेला. त्याच पॅरिसमध्ये युक्रेनची ओल्हा खारलान कांस्यपदकाच्या लढतीत ५-११ नं मागे होती. तिनं ती १५-१४ नं जिंकली. सहा गुणांनी मागे पडलेल्या माणसाचे खांदे कसे असतात ते तुला माहीत आहे. तिचे तसे नव्हते. तो सामना आवाज बंद करून बघ, फक्त प्रत्येक गुणानंतर ती ऑन गार्डच्या, म्हणजे सुरुवातीला उभं राहायच्या, रेषेवर कशी परत येते तेवढं.

आणि आपली भवानी देवी. चेन्नईच्या पुजाऱ्याची मुलगी, २००४ मध्ये शाळेत असताना सुरुवात केली, बांबूच्या काठ्यांवर. पहिल्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेला तुर्कस्तानात तीन मिनिटं उशिरा पोचली म्हणून काळं कार्ड मिळालं, बाहेर. वय चौदा. रिओची पात्रता हुकली. टोकियोला पोचली तेव्हा ऑलिम्पिकमध्ये खेळणारी ती पहिली भारतीय तलवारबाज होती. पहिली लढत १५-३ नं जिंकली, पुढच्या लढतीत फ्रान्सच्या मानों ब्रुनेकडून ७-१५ नं हरली. ही ब्रुने पुढे पॅरिसला सुवर्ण घेऊन गेली. आता तुझ्यासाठी मुद्द्याची गोष्ट. २०२३ ला चीनमधल्या वूशीच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत भवानीनं जपानच्या मिसाकी एमुराला, म्हणजे तेव्हाच्या जगज्जेतीला, १५-१० नं हरवलं. उपांत्य फेरीत उझबेकिस्तानच्या खेळाडूकडून १४-१५ नं हरली. तुझाच आकडा. या स्पर्धेत भारताला मिळालेलं ते पहिलं पदक, कांस्य. सुरुवातीपासून तिथपर्यंत मोज, एकोणीस वर्षं होतात. तू चार वर्षं खेळते आहेस.

आता नागपूर.

आपल्या हॉलमध्ये सेबर खेळणारी सहा पोरं आहेत. त्यातल्या प्रत्येकाचा दुसरा वार कुठून येणार हे तुला झोपेतही सांगता येईल, आणि त्यांना तुझा. हेच तुझं खरं दुखणं आहे. १४-१४ ला तू थबकलीस, कारण आपल्या हॉलमध्ये त्या क्षणी समोरची नेहमी मागे हटते. अनोळखी मुलगी हटली नाही. वाचायला शिकायचं तर अनेकांची अक्षरं वाचावी लागतात, आणि ती इथे नाहीत. भवानीलाही चेन्नई सोडून आधी केरळात थलासरीला आणि पुढे इटलीत जाऊन राहावं लागलं. आपल्याच गावचा ओजस देवतळे तिरंदाजीसाठी साताऱ्याला जाऊन राहिला आणि २०२३ ला बर्लिनमध्ये १५० पैकी १५० घेऊन जगज्जेता झाला. नागपूर सोडलं म्हणून तो नागपूरचा राहिला नाही, असं कुणी म्हणत नाही. तेव्हा जावं लागेल. छत्रपती संभाजीनगरला साईचं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, केंद्र आहे, तिथे तलवारबाजी चालते, तिथल्या निवड चाचणीची तयारी करू.

पण यंदा नाही. बारावीची परीक्षा देऊन जा. तुझ्या आईला भीती वाटते आहे आणि ती बरोबर आहे. गुडघा कधीही जाऊ शकतो, तुझा पुढचा पाय दिवसाला शेकडो वेळा आपटतो. सरकारी नोकरीतल्या पाच टक्के खेळाडू आरक्षणाचा विषय बाबांनी काढला होता. तो आधार आहे, असू दे. पण तेवढ्यासाठी कुणी पहाटे साडेपाचला उठू शकत नाही, मी तरी पाहिलेलं नाही.

पैशाचं आता थोडक्यात. परदेशी किट यंदा मागू नकोस. पाती मोडतात, ती दोन-तीन जवळ ठेव. खर्च करायचाच तर मास्कवर आणि चांगल्या बुटांवर कर. लामे, म्हणजे टच टिपणारं वरचं धातूच्या धाग्यांचं जाकीट, हॉलमधलं वापर, घाम सुकल्याशिवाय पिशवीत कोंबू नकोस. मागचं त्यानंच खराब झालं. वाचलेले पैसे प्रवासाला ठेव, कारण स्पर्धा म्हणजे अनोळखी माणसं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की आपण पहाटेचाच सराव ठेवू. जाकीट, त्याच्या आतलं संरक्षक प्लास्ट्रॉन, लामे, वर मास्क, त्यात दुपारी माणूस शिकत नाही, नुसता टिकून राहतो. तू मागच्या वर्षी हट्टानं दुपारी यायचीस, ते बंद.

अजून एक. ज्या मुलीकडून हरलीस तिला निरोप पाठव. ती अमरावतीची आहे, तीन तासांवर. तिला शिकवणाऱ्या ताईंना मी ओळखते. महिन्यातून एक रविवार दोन्ही हॉलनी मिळून खेळावं असं मी त्यांना आजच विचारते आहे. तिनं तुझं थबकणं पकडलं, म्हणजे तिला काहीतरी दिसतं जे आपल्या सहा पोरांना दिसत नाही. मला ती तुझ्यासमोर पुन्हा पुन्हा उभी राहायला हवी आहे. तुला राग येईल हे वाचताना. येऊ दे, पण निरोप पाठव.

शनिवारी सहाला हॉलवर ये. किट आणू नकोस, शिट्टीही नको. एक वही घेऊन ये. पहिला सामना धाकट्या दोघांचा लावते, तू बाजूला उभी राहून मला सांगायचं की हात आधी कुणाचा निघाला.

तुझी,
ताई