दिवाणातली पार्सलं

"मॅडम, हिला ऑनलाइन खरेदीचं व्यसन लागलंय. काहीतरी करा."

समुपदेशक म्हणून हे वाक्य मी अनेकांकडून ऐकते. कधी नवरा बायकोबद्दल सांगतो, कधी आई कॉलेजातल्या मुलाबद्दल, कधी मुलगी निवृत्त वडिलांबद्दल. तक्रार करणारा ताठ बसून बोलत असतो आणि ज्याच्याबद्दल बोलणं चाललंय तो पर्सच्या बंदाशी चाळा करत खाली बघत असतो. इथे जी हकीकत सांगतेय ती संबंधितांच्या परवानगीने. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. आपण त्यांना अर्चनाताई म्हणू.

अर्चनाताई चाळिशीच्या. नाशिकमध्ये एका कारखान्यात अकाउंट्सला. महिनाअखेरीला एका रुपयाचा फरक आला तरी तो सापडेपर्यंत खुर्ची सोडायच्या नाहीत, असं त्यांच्या नवऱ्यानेच सांगितलं. दीड वर्षापूर्वी सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्या अंथरुणाला खिळल्या. दिवसा एक मावशी येतात, रात्र अर्चनाताईंची. मुलगा दहावीला. एक दिवस पाहुणे येणार म्हणून नवऱ्याने गाद्या काढायला दिवाण उघडला, तर आत खोकी. बरीचशी न उघडलेली. त्याच आठवड्यात 'आता घ्या, नंतर भरा' म्हणणाऱ्या एका ॲपच्या वसुलीवाल्याचा फोन त्यांना आला. एकसष्ट हजार थकले होते.

पहिल्या भेटीत मी विचारलं, "काय काय घेता?"

"असंच. घरातलं," त्या म्हणाल्या.

मी तो प्रश्न तिथेच सोडला आणि ही माझी चूक झाली. ड्रेस, पर्स, डबे असतील असं मी मनाशी धरून चालले होते. नवऱ्याच्या तोंडून 'उधळपट्टी' हा शब्द ऐकला होता, तो माझ्याही डोक्यात जाऊन बसला होता.

खरेदी बंद करा असं मी सांगितलं नाही. घरातून तो हुकूम आधीच निघाला होता आणि त्याचा परिणाम एवढाच झाला होता की पार्सलं ऑफिसच्या पत्त्यावर यायला लागली. मी त्यांना एक शंभरपानी वही आणायला सांगितली आणि चार रकाने आखून दिले. किती वाजता मागवलं. त्याआधी तासाभरात काय झालं होतं. स्क्रीनवर नेमकं काय दिसत होतं. पैसे कसे दिले. मागवलं नाही, नुसतं पाहिलं, तरी नोंद करायची.

तीन आठवड्यांनी वही आली. इतकी नेटकी नोंद माझ्याकडे क्वचितच कुणी आणते. अक्षर सरळ, वेळ मिनिटासकट, आणि तिसऱ्या रकान्यात स्क्रीनवरचे शब्द जसेच्या तसे. 'फक्त २ शिल्लक.' 'ऑफर संपायला ११ मिनिटं.' '४,९९९ खोडून १,७९९.' 'आणखी १४० रुपयांचं घ्या, डिलिव्हरी मोफत.' बहुतेक नोंदी रात्री अकरा ते साडेबाराच्या मधल्या.

हा तिसरा रकाना आम्ही दोघींनी बसून वाचला, एकेक ओळ. मला यात फार रस आहे, कारण माणसं स्वतःला 'माझा ताबाच नाही' म्हणून दोष देत असतात आणि समोरच्या पडद्यावर त्यांच्या मनाचा किती बारीक अभ्यास करून ठेवलाय हे त्यांना माहीतच नसतं. 'फक्त २ शिल्लक' घ्या. १९७५ साली स्टीफन वर्चेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत एक प्रयोग केला होता. बिस्किटं तीच, पण एका बरणीत दहा आणि दुसरीत दोनच. ज्यांना दोनच्या बरणीतलं मिळालं त्यांना ते जास्त हवंहवंसं वाटलं. संपत आलेली वस्तू आपोआप मौल्यवान वाटते. खोडलेल्या किमतीचंही तसंच. ४,९९९ हा आकडा एकदा डोळ्यांत भरला की १,७९९ ही किंमत राहत नाही, ती बचत होते. अर्चनाताई म्हणाल्या, "मी रोज व्हाउचर तपासते मॅडम. पण तिथे मी बत्तीसशे वाचवले असंच मोजत होते."

चौथ्या रकान्याने मला त्याहून जास्त सांगितलं. तिथे बहुतेक ठिकाणी एकच शब्द होता, 'नंतर'. पाकिटातून पाचशेची नोट काढून देताना आत कुठेतरी टोचतं, ते टोचणं उपयोगाचं असतं. कार्डाने ते बोथट होतं. २००१ साली ड्रॅझेन प्रेलेक आणि डंकन सिमेस्टर यांनी बास्केटबॉल सामन्याच्या तिकिटांचा लिलाव केला. अर्ध्यांना सांगितलं रोखीने द्यायचे, अर्ध्यांना कार्डाने. कार्डवाल्यांची बोली जवळपास दुप्पट गेली. आणि 'नंतर भरा' मध्ये तर घेण्याच्या क्षणी काहीच जात नाही. महिन्याने जातं, तेव्हा ते कशाचं होतं हेही आठवत नाही.

आपल्याकडे याची दखल घेतली गेली आहे, हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वं काढली आणि ग्राहकाला फसवून निर्णय घ्यायला लावणाऱ्या तेरा क्लृप्त्या नावानिशी नोंदवल्या. खोटी घाई लावणं त्यात आहे. न विचारता टोपलीत जादा वस्तू किंवा देणगी टाकणं आहे. नाही म्हणणाऱ्याला लाज वाटेल अशी बटणाची भाषा ठेवणं आहे. असं काही दिसलं तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. अर्चनाताईंनी वहीच्या मागच्या पानावर ती तेरा नावं उतरवून घेतली आणि आपल्या नोंदींपुढे खुणा केल्या. खुणा करताना त्यांचा चेहरा प्रथमच थोडा सैल झालेला मी पाहिला.

पण एवढ्यावर थांबले असते तर मी त्यांचं अर्धंच ऐकलं असतं. ऑफर रोज असते, काउंटडाउन रोज चालू असतं. मग काही रात्री नोंद नाही आणि काही रात्री एकामागून एक तीन, असं का?

उत्तर दुसऱ्या रकान्यात होतं. 'ताईंचा फोन.' पुन्हा तीन दिवसांनी, 'ताईंचा फोन.' पुन्हा 'ताईंचा व्हिडिओ कॉल, आईंची पाठ दाखवायला सांगितली.'

ताई म्हणजे मोठी नणंद, ठाण्याला असतात. आईच्या काळजीपोटीच फोन करायच्या, यात मला शंका नाही. सासूबाईंच्या पाठीला मध्यंतरी एक जखम झाली होती, अंथरुणावर पडून राहिलेल्या माणसाला होते ती. ताई विचारायच्या, "कूस बदलता ना नीट? मग झालीच कशी?" अर्चनाताई उत्तर द्यायच्या नाहीत. रात्री सासूबाईंना औषध देऊन, कूस बदलून झाली की मोबाइल हातात घ्यायच्या.

तेव्हा कुठे मी पहिल्या भेटीतला प्रश्न पुन्हा विचारला. "दिवाणात काय आहे?"

त्यांनी फोनमधली ऑर्डरची यादी माझ्यापुढे धरली. हवा भरायच्या उशा. टाचांखाली घालायचे पॅड. तीन प्रकारची मालिश तेलं. बोटाला लावायचं ऑक्सिजन मोजायचं यंत्र, दोन. बोटांच्या व्यायामाचे चेंडू. पाठ पुसायचे ओले रुमाल, मोठाले खोके. स्वतःसाठी म्हणावं असं यादीत जवळजवळ काहीच नव्हतं.

"न उघडता का ठेवलं?"

"उघडलं की कळतं, यानेही काही होणार नाही."

मी थोडा वेळ काही बोलू शकले नाही.

वस्तू निवडताना त्या काय वाचायच्या हेही मग उलगडलं. किंमत नंतर, आधी अभिप्राय. 'माझ्या आईला आठ दिवसांत फरक पडला.' 'बाबा आता आरामात झोपतात.' अनोळखी मुलीचं हे एक वाक्य त्यांना डॉक्टरच्या सल्ल्यापेक्षा जवळचं वाटायचं, कारण त्यात एक लेक होती, आणि तिला कुणी जाब विचारत नव्हतं. दुकानात जाऊन वस्तू हाताळता येते. पडद्यावर ती सोय नाही, म्हणून आपण दुसऱ्याच्या अनुभवावर हात ठेवतो. हे स्वाभाविक आहे. म्हणूनच खोटे अभिप्राय विकत लिहून घेतले जातात, आणि म्हणूनच भारतीय मानक ब्युरोने २०२२ साली ऑनलाइन अभिप्रायांसाठी वेगळं मानक आणलं. मी सांगते, पाच तारेवाले सोडा, तीन तारेवाले वाचा. नेमकं काय जमलं आणि काय नाही हे बहुधा तिथे लिहिलेलं असतं.

नवऱ्याचा मूळ प्रश्न मी विसरले नव्हते. हे व्यसन आहे का? खरेदीची अनावर ओढ वैद्यकाला शंभराहून अधिक वर्षं माहीत आहे. जर्मन मनोविकारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी तिचं वर्णन करून ठेवलंय. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या अकराव्या वर्गीकरणात आवेग न आवरण्याच्या विकारांमध्ये तिचा उल्लेख येतो. पण रोज पार्सल येतं एवढ्यावरून तो शिक्का मारता येत नाही. आवरायचा प्रयत्न पुन्हा पुन्हा फसणं, नुकसान दिसत असूनही थांबता न येणं, कामावर आणि नात्यांवर परिणाम होणं, आणि हे दीर्घकाळ चालणं, हे सगळं पाहावं लागतं. अर्चनाताई त्या वाटेवर होत्या, पोचल्या नव्हत्या.

इथे एक गोष्ट थांबून सांगते, कारण ती हुकली तर माणसाचं फार नुकसान होतं. एखाद्याची खरेदी अचानक वाढली आणि सोबत झोप दोन-तीन तासांवर येऊनही तो ताजातवाना आहे, अखंड बोलतोय, मोठमोठे बेत आखतोय, तर समुपदेशकाकडे नाही, आधी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. तो उन्मादाचा झटका असू शकतो. आणि घरात कंपवाताची काही विशिष्ट औषधं घेणारी वडीलधारी व्यक्ती असेल आणि ती एकाएकी खूप खरेदी करू लागली असेल, तर डॉक्टरांना लगेच सांगा. त्या औषधांचा हा माहीत असलेला दुष्परिणाम आहे. औषध आपल्या मनाने बंद मात्र करू नका.

पुढचं काम आम्ही दोन बाजूंनी केलं. पडद्याच्या बाजूचं सोपं होतं. ॲपच्या सूचना बंद केल्या. साठवलेलं कार्ड काढलं, 'नंतर भरा' चं खातं हप्ते ठरवून बंद करायला घेतलं. रात्री पाहायला मुभा ठेवली, पण वस्तू टोपलीत टाकून फोन ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या डब्यानंतरच ती पुन्हा उघडायची. मागवायचीच असेल तर पार्सल आल्यावर रोख द्यायचे. दुपारी त्या टोपलीकडे बघताना त्यांच्यातली अकाउंटंट जागी असायची.

दुसरी बाजू अवघड होती. नवऱ्याला मी बोलावलं आणि ती यादी दाखवली. भला माणूस. त्यांनी ती सावकाश, खालपर्यंत वाचली. म्हणाले, "हे सगळं आईचं आहे." मी विचारलं, "रात्री आईंची कूस कोण बदलतं?" त्यांना सकाळी लवकर शिफ्ट असते, हे खरं होतं. पण शुक्रवार-शनिवारची रात्र त्यांची, असं त्याच बैठकीत ठरलं. ताईंचे फोन त्यांनी स्वतः घ्यायचे हेही. त्यांनी बहिणीला सांगितलं, "जाब विचारायचा तर मला विचार, मीही मुलगाच आहे तिचा." ताई आठ दिवस रुसल्या. मग एका रविवारी येऊन राहिल्या, आणि दर दोन तासांनी उठणं म्हणजे काय ते त्यांनी एक रात्र पाहिलं. घरी येणाऱ्या नर्सला विचारून हवेचा एक चांगला बेड घेतला, शहरातल्या दुकानातून, चालवून बघून. दिवाणातलं जे परत जाण्यासारखं होतं ते गेलं. ओले रुमाल वापरायला काढले.

सगळं सरळ झालं नाही. दिवाळीच्या सेलमध्ये एका रात्रीत साडेचार हजार गेले, आणि ते सांगायला त्या दोन भेटी चुकवून तिसरीला आल्या. त्या रात्रीच्या नोंदीत फोन नव्हता, कुणी काही बोललं नव्हतं. दुसऱ्या रकान्यात लिहिलं होतं, 'आईंनी मला ओळखलं नाही.' त्या साडेचार हजारांबद्दल मी चकार शब्द काढला नाही. तो तास आम्ही त्या एका ओळीवर बसलो.

परवा वही पुन्हा पाहिली. आता ती भरत आलीये. मधल्या एका पानावर अक्षर वेगळं दिसलं, तिरकं, घाईचं. रकाने तेच चार. पहिल्यात 'रात्री २.१०', दुसऱ्यात 'कूस बदलली, पाणी पाजलं', उरलेल्या दोनांत रेघ. खाली त्याच अक्षरात 'ही झोपलीये.'